सतराव्या प्रश्नाचं उत्तर

सतराव्या प्रश्नाचं माझं उत्तर बरोबर आलं, ते चुकून नव्हे. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या ओळखीच्या घरांत तो एक किस्सा होऊन बसला आहे. माझा नागपूरकर मित्र तो रंगवून सांगतो, सगळे हसतात, आणि दर वेळी मीही हसतो.

२००६ साल. मी तेव्हा अमेरिकेतल्या डब्लिन नावाच्या गावात राहायचो आणि पुलांची डिझाइनं करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात होतो. तिथे आम्ही तिघं मराठी. मी, नागपूरकर, आणि आमच्याहून पाचसहा वर्षांनी मोठी, पुण्याची एक बाई. तिला आम्हीच काय, ऑफिसातले गोरेही ताई म्हणायचे. त्यांना वाटायचं ते तिचं नावच आहे.

इकडे पुलाच्या ड्रॉइंगवर लायसन्स असलेल्या इंजिनियरचा शिक्का लागतो, आणि लायसन्स राज्याराज्यागणिक वेगळं. आमच्या राज्याचं तिघांकडे होतं. पण त्या वर्षी आम्हाला शेजारच्या राज्यातला एका नदीवरचा पूल मिळाला. बॉस म्हणाला, तिघंही तिकडचं लायसन्स काढून ठेवा; पूल ताईचा. यात कुणाला काही वाटायचा प्रश्न नव्हता. अकरा वर्षं तिने केलेल्या कामावर दुसऱ्यांचे शिक्के बसत आले होते. हा पहिला पूल तिच्या शिक्क्याचा होणार होता. ती तसं बोलून दाखवायची नाही, पण शिक्का बनवून देणाऱ्या दुकानाचा कॅटलॉग तिच्या ड्रॉवरमध्ये होता, हे मी पाहिलं होतं.

त्या राज्याची अट एकच. कायदा आणि व्यावसायिक नीती यांची परीक्षा. प्रश्नपत्रिका टपालाने घरी यायची, नियमांचं पुस्तक उघडं ठेवून सोडवायची आणि सही करून परत पाठवायची. ताईने ते पुस्तक प्रिंट काढून, स्पायरल बाइंडिंग करून आणलं. लंचला डबा मायक्रोवेव्हमध्ये फिरत असताना ती त्यातली कलमं मोठ्याने वाचायची. नागपूरकर म्हणायचा, "ताई, परीक्षा आहे का सत्यनारायण आहे जी? प्रसाद केव्हा?"

"आधी अध्याय पुरा होऊ दे," ताई म्हणायची आणि पुढचं कलम घ्यायची.

मग एका शनिवारी तिच्या घरी पोहे खाऊन आम्ही बसलो आणि पंचवीस प्रश्न वाटून घेतले. आठ, आठ, नऊ. ज्याचे त्याने शोधायचे, बाकीच्यांनी उतरवायचे. यात काही चुकतंय असं तिघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही, हे आज सांगताना माझं मलाच नवल वाटतं. पण आम्ही तसेच घडलो होतो. कॉलेजात एकाने जर्नल लिहायचं आणि दहांनी उतरवायचं. ड्रॉइंगची शीट काचेवर ठेवायची, खाली बल्ब लावायचा, आणि मित्राच्या रेघांवरून आपल्या रेघा ओढायच्या. याला कुणी कॉपी म्हणत नसे. जो आपलं जर्नल देत नसे, तो वाईट. तीच आमची नीती होती, आणि ती घेऊन आम्ही नीतीच्या परीक्षेला बसलो होतो.

सतरावा प्रश्न माझ्या वाट्याला आला. सगळ्या पेपरात तेवढ्या एकाचंच उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहायचं होतं. प्रश्न असा: सहकाऱ्याच्या हिशोबात तुम्हाला चूक सापडली, ड्रॉइंग मात्र पुढे गेलेलं आहे, तर सर्वांत आधी कुणाला सांगाल आणि का? मी लिहिलं की मॅनेजरला कळवून त्याला 'काइंडली डू द नीडफुल' अशी विनंती करीन. दोघांनी ते शब्दन्‌शब्द उतरवून घेतलं.

रविवारी सकाळी मी लायब्ररीत बसून कच्ची उत्तरं पक्क्या फॉर्मवर उतरवणार होतो. आधी सगळी पानं चाळली. शेवटच्या पानावर एक प्रतिज्ञा होती: ही परीक्षा मी कुणाचीही मदत न घेता सोडवली आहे. खाली सहीची रेघ. शनिवारी त्या पानापर्यंत कुणी गेलंच नव्हतं.

 मी कच्चा कागद बाजूला ठेवला आणि पहिल्या प्रश्नापासून सगळा पेपर एकट्याने सोडवला. तीन तास लागले. चोवीस उत्तरं तीच आली. सतरावं वेगळं आलं. पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं: आधी ज्याची चूक आहे त्याला सांगा. मी तसं लिहिलं, सही केली, पाकीट पेटीत टाकलं. फार हलकं वाटलं.

फोन खिशात होता. त्या दोघांची पाकिटं सोमवारी जायची होती. अख्खा दिवस हातात होता, आणि मी फोन केला नाही. आपण उपदेश करतोय असं ताईला वाटेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. ते थोडं खरंही होतं. पण आता आडपडदा ठेवायचा नाही म्हणून सांगतो, त्या दुपारी तो पूल माझ्या डोक्यात येऊन गेला. मी काही ठरवलं नाही. विचार आला, आणि मी त्याला जा म्हणालो नाही, एवढंच.

महिन्याभराने माझं लायसन्स आलं. त्या दोघांना तिकडच्या लायसन्स बोर्डाची पत्रं आली. तुम्हा दोघांची सतरावी उत्तरं चुकीची आहेत आणि अगदी सारख्याच शब्दांत आहेत, खुलासा करा. त्या 'नीडफुल'ने घात केला होता. अमेरिकेत असं कोण लिहितं? ताईने सरळ कळवलं की मी पेपर एकटीने सोडवला नाही, प्रतिज्ञा न वाचता सही केली. पत्रात सगळीकडे फक्त 'मी' होतं. माझं नाव नव्हतं, नागपूरकराचंही नव्हतं. त्यानेही तसंच लिहिलं. दोघांना पुन्हा परीक्षा द्यायला बोर्डाच्या ऑफिसात बोलावलं, लायसन्स लांबलं, आणि काम थांबू शकत नव्हतं म्हणून बॉसने पूल मला दिला.

दोघांना परीक्षेला मीच ड्राइव्ह करून नेलं. तीन तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना कापून झालेल्या मक्याची धसकटं. ताई पुढच्या सीटवर मांडीवर पुस्तक घेऊन. वाचता वाचता तिने ते मिटलं.

"तुझं सतरावं वेगळं कसं आलं रे?"

 "घाईत उतरवलं," मी म्हणालो. "काय लिहिलं ते आठवतही नाही."

मागून नागपूरकर खदखदून हसला. "स्वतःचंच उत्तर उतरवताना चुकला, अन् बरोबर आला! ताई, याला म्हणते नशीब."

ताईही हसली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बरं झालं बाई. एक तरी सुटला."

किस्सा जन्माला आला तो तिथे.

दोघंही पास झाले. काही महिन्यांनी ताईचं लायसन्स आलं, आणि दोन वर्षांनी तिच्या शिक्क्याचा पहिला पूल उभा राहिला, माझ्या पुलाहून दीडपट लांब. आज तिचं स्वतःचं ऑफिस आहे. नवीन येणाऱ्या मुलामुलींना ती नियमांचं पुस्तक देते, एका खोलीत एकेकट्याला बसवते, आणि दार लावण्याआधी म्हणते, "शेवटचं पान आधी वाचा. मी वाचलं नव्हतं." मग सगळी हकिगत सांगते, स्वतःची चूक अगदी उघड. त्यातली काही मुलं आपल्याकडच्याच कॉलेजांतली असतात, काचेवर शीट काढून आलेली. ती आधी हसतात आणि मग शेवटच्या पानाकडे वळतात. हे मी एकदा तिच्या ऑफिसात उभं राहून पाहिलं. तिला ते सांगणं जड जात नव्हतं. त्या दिवसापासून मला वाटू लागलं की मलाही जमेल.

येत्या शनिवारी दोघं सहकुटुंब आमच्याकडे येणार आहेत. पोहे मी करणार आहे. नागपूरकर किस्सा सुरू करील, त्याच्या आत मी बोलणार आहे. हे लिखाण छापायला जाईल ते त्यानंतरच.

ताई माफ करील, बहुधा लगेच करील. पण ते तिचं झालं. माझं देणं वेगळं आहे. त्या रविवारी करायचा राहिलेला एक फोन मी दोघांनाही देणं लागतो: सतरावं उत्तर चुकलंय, मी माझं बदललं, तुम्हीही बघा.