दोन्ही आंगाला पाणी

माझ्या कॉलेजातल्या खोलीसोबत्याइतका पाण्याचा पारखी या पृथ्वीवर दुसरा झाला नाही; आणि झाला असलाच, तर समुद्र पाहून त्याला रडू आलं नसेल. आम्ही दोघं एकाच गावचे. तेव्हा गोंदिया हा जिल्हा नव्हता, आम्ही भंडाऱ्यात मोडत होतो, आणि तिरोड्याहून बोदलकशाकडे जाताना आत वळलं की आमचं गाव लागायचं. नागपूरला एकाच खोलीत राहायला गेलो त्या दिवशी त्याने ट्रंक खाली ठेवण्याआधी नळाला तोंड लावलं, पाणी गालात घोळवलं, डोळे मिटले आणि निकाल दिला, "या पाण्यावर धान होनार नाही गा. पोरं पास होतील फक्त." मातीचंही तेच. एकदा आमचे प्राध्यापक शेतात उभे राहून पुस्तकातून मातीचे प्रकार समजावत होते, तेव्हा याने सगळ्यांदेखत चिमूटभर माती जिभेवर ठेवली. प्राध्यापकांनी रागाने विचारलं, काय निघालं? हा म्हणाला, चुना जास्त आहे, सर. प्रयोगशाळेतून दोन दिवसांनी तेच निघालं, आणि तेव्हापासून ते प्राध्यापक त्याच्याकडे जरा भिऊनच पाहू लागले. अंतर तो बांध्यांमध्ये मोजायचा. आमच्याकडे धानाच्या बांध घातलेल्या तुकड्याला बांधी म्हणतात. त्याच्या हिशेबी सीताबर्डी आमच्या खोलीपासून चाळीस बांध्या दूर होती. माणसंसुद्धा पाण्यावरून ओळखायचा. स्वतःच्या मामाला तो उथळ बोडी, म्हणजे लहानसं तळं, म्हणायचा, एका पावसात भरणारी आणि एका उन्हात आटणारी. मी कसला, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "तू विहीर. थंड आहेस. पण वाकून पाह्यल्याशिवाय पाणी दिसत नाही." मला ते कौतुक वाटलं होतं.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. कोलंबोला विद्यार्थ्यांचा तीन दिवसांचा मेळावा होता आणि आमच्या कॉलेजातून दोघांना पाठवायचं ठरलं. मातीच्या त्या चिमटीमुळे त्याचं नाव लागलं आणि त्याने हट्ट धरल्यामुळे माझं. गावात बातमी गेली तेव्हा बायकांनी आम्हाला ओवाळलं, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे आम्ही रावणाच्या गावी निघालो होतो. त्याच्या मायने आठ दिवस पुरतील एवढे अनारसे बांधून दिले आणि बाहेरचं काही खायचं नाही अशी शपथ घातली. ती शपथ त्याने बल्लारशालाच मोडली. गाडी जिथे थांबेल तिथे उतरून तो पाणी चाखत गेला. बेझवाड्याचं पाणी त्याला फार आवडलं. मद्रासचं त्याने थुंकून टाकलं आणि शेजारच्या हमालाची माफी मागितली.

धनुष्कोडीला गाडी थेट धक्क्यावर जायची आणि तिथून बोट. आयुष्यात मी बोदलकशाच्या तलावावरचा डोंगा तेवढा पाहिला होता. इथे धक्क्यावरून बोटीत जायला एक फळी टाकली होती आणि ती फळी श्वास घेतल्यासारखी वरखाली होत होती. लस टोचल्याचे दाखले, परवाने, सगळं माझ्या हातात होतं. माणसं त्या फळीवरून पेट्या घेऊन, लेकरं घेऊन जात होती. माझे पाय उचलेनात. मी खांबाला धरून उभा राहिलो आणि म्हणालो की मी येत नाही. तो चार पावलं पुढे गेला होता, परत आला. "काऊन बे?" म्हणाला. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग फळीकडे पाहिलं, आणि अनारशांचं गाठोडं माझ्या हातात दिलं. "इथंच राह्य. मी येतो. अन् ध्यानात ठेव, तू बी आला होतास." एवढं सांगून तो गेला. माझी लाज झाकायची युक्ती माझ्या मनात यायच्या आधी त्याच्या मनात आली होती.

सहा दिवस मी तिथल्या धर्मशाळेत बसून अनारसे खाल्ले. सातव्या दिवशी तो बोटीतून उतरला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते. मला वाटलं आजारी आहे. परतीच्या गाडीत त्याने सांगितलं की पहिल्या संध्याकाळी तो किनाऱ्यावर गेला, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि तिथेच वाळूत बसून रडला. मी विचारलं, कायले? तो म्हणाला, "एवढं पाणी गा. जिथवर नजर जाते तिथवर पाणी. अन् एक बांधी भिजत नाही." आमच्या गावात आकाशाकडे पाहून माना दुखायच्या, आणि तिकडे हे एवढं पाणी नुसतं पडून होतं. हे दुःख त्याच्या मनातून कधी गेलं नाही. मेळाव्यात प्रत्येकाला आपल्या देशाचं काही म्हणायला सांगितलं, तेव्हा याने धान लावताना बाया म्हणतात ते रोवणीचं गाणं म्हटलं. ती प्रार्थना असावी असं समजून सगळा सभामंडप उठून उभा राहिला, आणि हा संकोचाने दहा कडव्यांऐवजी चारच म्हणून खाली बसला. तिथला लाल तांदळाचा भात त्याने तीन दिवस तिन्ही वेळा खाल्ला. रस्त्याच्या मधोमध घड्याळाचा उंच मनोरा आहे आणि त्याच्या डोक्यावर जहाजांसाठी दिवा, हे त्याने मला तीनदा पाठ करायला लावलं, कारण गावात कोणी विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे. मद्रास ते नागपूर तो माझी तोंडी परीक्षा घेत होता. मी पास झालो.

एक गोष्ट मात्र त्याने शिकवली नाही, ती त्याने वहीत काढली. बेझवाड्यापासून तो वहीत एकच चित्र पुन्हापुन्हा काढत होता. मी वाकून पाहिलं. एक लांब रेघ, तिच्या एका बाजूला मोठमोठ्या लाटा आणि दुसऱ्या बाजूला सपाट पाणी, त्यात लहान लहान होड्या. कोलंबोच्या बंदरात समुद्राच्या आत दगडांची पाळ, म्हणजे बंधारा, बांधलेली आहे, हे त्याने मला तेव्हा सांगितलं. तो तिच्यावर उभा राहिला होता. एका आंगाला घराएवढ्या लाटा फुटत होत्या आणि दुसऱ्या आंगाला होड्या झोपल्या होत्या. पहारेकरी हाकलायला आला तेव्हा याने त्याला कोटाच्या खिशात राहिलेला एक अनारसा दिला आणि आणखी थोडा वेळ मिळवला. हे सगळं मी ऐकलं होतं, चित्र पाहिलं होतं. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे जे झालं ते नकळत झालं असं कोणी म्हणू नये.

आमच्या गावचा तलाव जुना, मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, पूर्वजांनी बांधलेला. त्याची पाळ मातीची. पावसाळ्यात तलाव भरला आणि पश्चिमेचा वारा सुटला की लाटा पाळीच्या एका कोपऱ्याला चावायच्या, आणि दर उन्हाळ्यात गाव तिथे माती टाकायचं. त्या कोपऱ्याच्या बरोबर खाली माझ्या सोबत्याच्या बापाच्या बांध्या होत्या. म्हणून आल्याबरोबर त्याने मालगुजारबाबांच्या ओट्यावर गाव जमवलं. मालगुजारी कायद्याने गेली होती, पण आमच्याकडे मालगुजार अजून होते आणि तलावाबद्दल शेवटचा शब्द त्यांचाच असायचा. लोक लंका ऐकायला आले होते. त्याने मनोरा सांगितला, लाल भात सांगितला, लोक खूश झाले. एका म्हाताऱ्याने विचारलं की त्या समुद्रावर किती एकर भिजते. हा म्हणाला, काही नाही. म्हाताऱ्याने समुद्राबद्दल पुढे काही विचारलं नाही. मग याने वही उघडली आणि पाळ सांगितली. तशीच दगडांची रांग आपल्या तलावात, त्या कोपऱ्याच्या पुढे पाण्यात टाकू, लाट तिथेच मरेल, पाळीपर्यंत येणार नाही, एवढंच त्याचं मागणं होतं. त्यासाठी गावाने एक उन्हाळा द्यायचा होता.

मालगुजारबाबांनी वही हातात घेऊन उलटी-सुलटी केली. "दोन्ही आंगाला पाणी? मंग थे पाळ अडवते कोणाले?"

"पाणी नाही अडवत, बाबा. लाट अडवते."

"लाट काई बैल होय का, खुट्याले बांधाले?" मघाचा म्हातारा म्हणाला, आणि ओटा हसला. आमच्या लोकांनी जन्मभर तलाव बांधले, राखले. पाळीच्या एका बाजूला पाणी असतं आणि दुसऱ्या बाजूला धान, हे त्यांना अक्षरओळख नसली तरी ठाऊक होतं. दोन्हीकडे पाणी असलेली पाळ म्हणजे दोन्हीकडे अंगण असलेली भिंत. मालगुजारबाबा मात्र हसले नाहीत. ते न्यायी माणूस होते. ते माझ्याकडे वळले. "तू त होतास ना संगं? तू सांग गा. होती का अशी पाळ?"

मला फक्त हो म्हणायचं होतं. पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता. ती किती उंच, दगड कसले, पाया कुठवर. त्या परीक्षेची तयारी माझी झाली नव्हती. मला ती फळी आठवली, खांब आठवला. सगळा ओटा माझ्याकडे पाहत होता.

"मी नाही पाह्यली," मी म्हणालो.

शब्दाला शब्द खरं होतं ते. आयुष्यात इतकं खरं बोलून इतकं खोटं मी पुन्हा कधी बोललो नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. हा बोटीत चढलाच नव्हता, एवढं एक वाक्य त्याला पुरलं असतं. त्याने मालगुजारबाबांच्या हातातून वही घेतली, मिटली आणि सगळ्यांना रामराम करून तो ओट्यावरून उतरला. मागून कोणीतरी म्हणालं, लंकेत जाऊन आला का मद्रासच्या ठेसनावर झोपून आला? त्या दिवसापासून त्याचं नाव लंकेश पडलं.

पुढच्याच पावसाळ्यात, पोळ्याच्या आधी, पाळ त्याच कोपऱ्यात फुटली. माणूस गेला नाही, पण माझ्या सोबत्याच्या बापाच्या सगळ्या बांध्यांवर गुडघाभर रेती आली. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवून महिना झाला होता. त्याचं कॉलेज तिथे संपलं. तो गावी येऊन बापाबरोबर रेती उपसू लागला. मी परीक्षा देऊन आमच्याच शाळेत मास्तर झालो. गावाने पाळ पुन्हा बांधली, तशीच मातीची. आणि उन्हाळ्यात तलाव उतरला तसा हा कावडीने दगड वाहू लागला. एकटाच. पुढच्या उन्हाळ्यातही, त्याच्या पुढच्याही. लोक म्हणत, लंकेश लंका बांधून राहिला. पाण्याला येणाऱ्या बाया विचारत, "भाऊजी, सीता कधी आणता?" तो कावड न थांबवता म्हणे, "आधी पाळ होऊ द्या, वयनी." सीता आली नाही. दोन ठिकाणी बोलणी झाली आणि दोन्हीकडे मोडली, कारण मुलगा बढाया मारतो हे तिकडच्या गावांपर्यंत गेलं होतं. माझं उलट झालं. सोबत्याच्या तोंडावरही खरं तेच बोलणारा माणूस, अशी माझी कीर्ती झाली. धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या हद्दीचं, भांडण असो की वाटणीचं, लोक म्हणत मास्तरला विचारा, मास्तर खोटं बोलत नाही. त्या एका वाक्याचं पीक मी वर्षानुवर्षं खाल्लं.

मी त्याला टाळत नव्हतो, तोही मला टाळत नव्हता, हेच जास्त कठीण होतं. शाळा सुटली की पाळीवरून जाताना तो खालून ओरडून सांगायचा की यंदा पाणी गोड आहे, किंवा गाळ फार आहे. मी एकदाही खाली उतरून दगड उचलला नाही. उचलला असता तर लोकांनी कारण विचारलं असतं.

साठ साल उजाडायच्या आधी त्याला कावीळ झाली. उशीर झालेला होता. मी गेलो तेव्हा तो परसातल्या बाजेवर पडला होता आणि डोळे हळदीसारखे झाले होते. वैद्याने दिलेल्या काढ्याकडे बोट करून म्हणाला, याच्यात पाणी विहिरीचं घातलं आहे, तलावाचं घालायला पाहिजे होतं. मी बाजेशेजारी बसलो. मग सात वर्षांत पहिल्यांदा विचारलं, की त्या दिवशी ओट्यावर माझं नाव का नाही घेतलंस?

त्याने जरा विचार केला, चव घेताना करायचा तसा.

"सांगून का झालं असतं? तू आला होतास हे मीच सांगलं होतं. दोघं बी खोटे पडलो असतो. एक तरी खरा रायला."

यात टोमणा असता तर मी सुटलो असतो. टोमणा नव्हता. त्याने खरंच तसा हिशेब केला होता, आणि त्याच्या मते तो बरोबर आला होता. चार दिवसांनी तो गेला. सरणाकडे जाताना लोक हळहळत होते, भला होता, थोडं वाढवून बोलायचा एवढंच. मी शेजारी चालत होतो. तेव्हाही मी काही बोललो नाही.

दगडांची ती रांग अर्धीच राहिली. पावसाळ्यात ती दिसत नाही. लाट कुठे मोडते त्यावरून ओळखायची. पाळ त्यानंतर दोनदा फुटली, पण दोन्ही वेळा रांग जिथे संपते त्याच्या पलीकडे. माझं वय आता चौऱ्याऐंशी आहे. ओट्यावरचा एकही माणूस उरलेला नाही, ओटाही नाही. धनुष्कोडीचा तो धक्का आणि धर्मशाळा पुढे वादळात समुद्राने नेली, म्हणजे माझ्या भित्रेपणाचा तो साक्षीदारही गेला. आता मला कोणी काही विचारणार नाही. म्हणून न विचारताच लिहून ठेवतो. कोलंबोला मी गेलो नव्हतो, तो गेला होता. तिथे समुद्रात दगडांची पाळ आहे, आणि तिच्या दोन्ही आंगाला पाणी आहे. मी ती पाहिलेली नाही. पण ती आहे.