दारातला नळ

पत्रकांतून मी लोकांच्या झाकलेल्या गोष्टी चव्हाट्यावर आणते. ही एक मात्र माझ्या तोंडून आजवर कुठंच निघालेली नाही — ना आमच्या मंडळातल्या बायकांजवळ, ना मायजवळ. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय. हाही भित्रेपणाच. माहीत आहे.

सुरतेच्या लिंबायतमध्ये राहत असाल तर माझं पत्रक तुमच्या दारात कधीतरी पडलं असेल. ‘मुलगी म्हणजे कापडाचा ताका नव्हे.’ ते वाक्य माझं. परराज्यातलं स्थळ येतं, लग्नाचा सगळा खर्च आम्ही करू म्हणतं, आणि खानदेशातून पोट भरायला आलेला बाप चौकशी न करता पोरगी गाडीत बसवतो — त्याविरुद्ध मी चौकात उभी राहून ओरडते. माईक नसला तरी ओरडते. लोक म्हणतात, पोरगी कुणाला घाबरत नाही.

घाबरत नाही?

माझी मोठी बहीण अशीच गेली. आक्का. नवरा राजस्थानातला, बाडमेरकडचा, पर्वत पाटियाजवळ साड्यांच्या दुकानात कामाला. सुरतेतच राहायचं, असं बोलणं झालेलं. लग्न लागलं आणि तो म्हणाला, दुकान सुटलं, आता गावीच राहू. घर पक्कं आहे, दारात नळ आहे. आमच्या वडिलांनी, अण्णांनी, होकाराची मान हलवली. आक्काला कुणी विचारलं का? मी तरी विचारलं?

आमच्यात नवरी पहिल्यांदा सासरी निघते तेव्हा माहेरची एकजण पाठराखीण म्हणून सोबत जाते. मी गेले. पाठराखणीचं काम मिरवायचं नसतं. घर बघायचं, माणसं बघायची, आणि परत येऊन मायला खरं ते सांगायचं. मग मुराळी कधी धाडायचा ते माय ठरवते — मुराळी म्हणजे पोरीला माहेरी आणायला जाणारा माणूस. म्हणजे सगळं पाठराखणीच्या जिभेवर.

निघताना अण्णा गाडीच्या खिडकीशी वाकले. आक्काशी नाही, माझ्याशी बोलले. “ही नीट नांदली तर तुझं कॉलेज, तुझ्या मीटिंगा, कशात आड येणार नाही. ही परत आली, तर तूबी घरात बसशील.”

भाड्याची इको गाडी होती. अहमदाबादपर्यंत आक्काची बडबड चालू. “तिकडं तुला उंटावर बसवते, वरून भाषण ठोक.” पालनपूर मागे पडलं. झाडं खुजी होत गेली, मग विरळ, मग नुसतीच वाळू आणि खांब. तिनं पदर नाकातोंडाला घेतला. अजून किती लांब, विचारलं की नवरा म्हणायचा, आलंच आता. दुपारभर तो तेच म्हणत होता.

घर दोन खोल्यांचं. नळ होता — खोटं नाही — दाराशेजारी भिंतीत, नवा कोरा, चकचकीत. मी सोडून पाहिला. काही नाही. भिंतीमागे गेले, तर मागे पाइपच नव्हता. सिमेंटमध्ये नुसता नळ रोवलेला. पाणी यायचं टँकरनं, लांबच्या टाक्यात. तिथून घागरी डोक्यावर. आणि नवरा? तो आठवड्याभरात जोधपूरला कामाला निघणार होता. राहायचं होतं आक्कानं, सासूजवळ, भाषा कळत नसताना.

फोन एकच, नवऱ्याचा. आमच्या लोकांत वर्षानुवर्षं वावरल्यामुळं त्याला अहिराणी सगळी कळायची. म्हणून जे सांगायचं ते तिनं मला सांगितलं. निघायच्या सकाळी ती वाळूनं भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली — घरची अहिराणी मी इथं मराठीत लिहिते आहे, हे एवढं मात्र तसंच ठेवते — “मायले सांगजो, मुराळी लवकर धाड. आठे मन्हा जीव लागत नही.” आठे म्हणजे इथं. नवरा जवळ आला तशी हसली. “तुला उंटावर बसवायचं राहिलंच की गं.”

परतीच्या बसमध्ये काही ठरवलं नव्हतं, असं म्हणू का तुम्हाला? खोटं होईल. पालनपूर यायच्या आत ठरलं होतं.

घरी पोचले तर गल्लीतल्या बायका जमलेल्या. पाण्याचं कसं, मायनं विचारलं. म्हटलं, दारात नळ आहे. सासू? जास्त बोलत नाही. जावई? कामाचा माणूस आहे. बघितलंत? एकही शब्द खोटा नाही. पत्रकं लिहून लिहून हात बसला होता माझा.

“आणि ती काही म्हणाली?”

“म्हणाली, उंटावर बसवते.”

माय हसली. अण्णाही हसले. मुराळी गेला नाही. नंतर नवरा गावी आला की त्याच्या फोनवर आक्का बरं आहे एवढंच म्हणायची. एकदा मुराळी मागूनही कुणी आलं नाही, तर पोरगी दुसऱ्यांदा मागेल का? पुढच्याच आठवड्यात मी चौकात पहिलं भाषण केलं. पोरीला अनोळखी मुलखात धाडू नका, म्हटलं. टाळ्या मिळाल्या. कॉलेजही चालू राहिलं.

आक्का आली ती थेट मामेभावाच्या लग्नाला, कडेवर मूल घेऊन. हात काळे पडलेले, रापलेले. माय कणीक मळता मळता टोमणा मारत होती — सुखात पडली की माय आठवत नाही, बाई.

आक्का हळूच म्हणाली, “तुम्ही मुराळीच नाही धाडला.”

“दारात नळ, कामाचा नवरा. तुला मुराळी कशाला? आणि तू मागितलास कधी?”

आक्कानं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग मायकडे वळून म्हणाली, “खरंय. नळ आहे दारात.”

मग उठली, आमच्या मोरीतला नळ सोडला, पोराचं भांडं भरलं. भांडं भरून वाहिलं तरी हात तसाच धारेखाली धरून उभी राहिली.

त्या संध्याकाळी चौकात माझी सभा होती. मी गेले. आणि नेहमीचंच बोलले.