चाळणीला महाग वाटलेली भीती

सर्व्हेअरसाहेबांनी चौतीस वर्षं जळालेली गोदामं तपासली. राख उकरायची, अर्धवट जळलेली बिलं चिमट्याने उचलायची आणि मालकाच्या डोळ्यांतलं पाणी खरं की खोटं ते बघायचं, हीच नोकरी. विमा कंपनीत सगळे त्यांना ‘राखेसाहेब’ म्हणत. त्यांचा एक नियम होता: आग कशी लागली ते नंतर, आधी विमा कधी वाढवला ते बघा. वर्षानुवर्षं पडून असलेल्या मालाचा विमा मालक एकाएकी दुप्पट हप्ता भरून वाढवतो, तेव्हा त्याला काहीतरी ठाऊक असतं.

असा माणूस निवृत्त होऊन शेअरबाजारातल्या ऑप्शनच्या नादी लागला आणि नेमका हाच नियम विसरला. आता याला काय म्हणावं!

ऑप्शन त्यांना चटकन समजले, कारण प्रकार विम्याचाच होता. शेअर पडला तर भरपाई द्यायचा करार, म्हणजे पुट. राखेसाहेब पुट विकत, हप्ता खिशात घालत आणि मुदत संपेपर्यंत शेअर पडू नये एवढीच इच्छा करत. कुठला पुट विकायचा ते ‘चाळणी’ सांगे. फोनमधल्या एका अ‍ॅपला त्यांनी ठेवलेलं हे नाव. शेअर गेल्या महिन्यात खरोखर किती हलला आणि ऑप्शनच्या भावावरून तो पुढे किती हलेल असं लोकांना वाटतंय, या दोन आकड्यांत दुसरा फार मोठा झाला की चाळणी त्या कंपनीपुढे ‘महाग’ असं लिही. महाग असेल ते विकायचं, बस्स.

सोमवारी यादीत सगळ्यात वर लेकीचीच कंपनी होती. रसायनं बनवणारी, एकुलत्या एका कारखान्याची. शेअर महिनाभर जागचा हलला नव्हता आणि पुटचा भाव मात्र तिप्पट. लेक तिथे बॉयलर विभागात इंजिनियर. रोज जेवताना त्यांनी “कारखाना काय म्हणतो?” विचारलं की ती “ठीक आहे, बाबा” म्हणे. लोक उगाच घाबरलेत, असं ठरवून त्यांनी एका बैठकीत इतके पुट विकले की बायकोला सांगायची सोय राहिली नाही.

बुधवारी सकाळी दाढी करताना त्यांनी फोन पाहिला. शेअर तसाच, पण पुट आणखी दीडपट चढलेला. कुणीतरी मिळेल त्या भावाने घेत सुटलं होतं. कुणाला एवढी घाई झालीय, असं मनात आलं मात्र, आणि त्यांना आपला जुना नियम आठवला. त्याला काहीतरी ठाऊक होतं. आणि या गोदामात त्यांची लेक होती.

अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून त्यांनी लेकीला फोन लावला. लागला नाही. कामगारांचे फोन गेटवर जमा होतात हे त्यांना माहीत होतं, तरी त्यांनी अकरा वेळा लावला. मग तोंड पुसलं, मिळाली ती टॅक्सी पकडली आणि कारखान्याचं गेट गाठलं. चौकीदाराला लेकीचं नावही त्यांना धड सांगता येईना.

लेक हेल्मेट, हातमोज्यांसकट धावत आली. “आईला काही झालं का?”

“नाही गं. तुमच्या इथे काही बिघडलंय का? खरं सांग.”

ती त्यांना भिंतीकडे घेऊन गेली. “दोन नंबरच्या बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह अडकतोय. दाब वाढला तर उघडेल याची खात्री नाही. मॅनेजर ऐकेनात, म्हणून मी सरकारी निरीक्षकांकडे लेखी तक्रार दिली. बंदचा हुकूम निघायचा तर आज-उद्या निघेल, नाहीतर निघतच नाही. तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही. पण तुम्हाला कुणी सांगितलं?”

त्यांनी सांगितलं. चाळणी, महाग, पुट, सगळं.

“म्हणजे माझी तक्रार कुणी ऐकणार नाही, यावर तुम्ही पैसे लावलेत?”

नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण हिशेब तसाच होत होता. “मी आत्ताच्या आत्ता सगळे पुट परत विकत घेऊन मोकळा होतो.”

“आता नाही, बाबा. आता तुम्हाला ते माझ्याकडून कळलंय. आधी मूर्खपणा होता, आता चोरी होईल.”

“मग तू तरी आत जाऊ नकोस. पाया पडतो तुझ्या.”

“आत चौदा जण आहेत. दर दहा मिनिटांनी दाब मी बघते. दुसरं कुणी बघत नाही.”

ती गेली. राखेसाहेब गेटबाहेरच्या बाकावर बसले. कालपर्यंत शेअर हलत नाही म्हणून त्यांना शांत झोप लागायची. आज तोच आकडा हलेना, म्हणजे बंदचा हुकूम निघाला नव्हता, म्हणून ते मिनिटामिनिटाला फोन बघत होते. आत कुठे वाफ सुटली, पत्रा वाजला की ते उठून उभे राहत. चौतीस वर्षांत पाहिलेले सगळे काळे खांब आणि वितळलेली दारं त्यांच्या डोळ्यांपुढून जात होती.

“पड मेल्या, पड,” ते फोनकडे बघून पुटपुटले.

“कोण पडलं, काका?” चौकीदाराने विचारलं.

“कुणी नाही रे. पडतच नाहीये.”

दुपारी अडीचला शेअर पडला. आधी थोडा, मग धाडकन. निवृत्तीच्या पैशातला निम्मा भाग गेला, तरी शेअर पडतच राहिला. हुकूम निघाला असणार, पण गेट बंद आणि आतून कुणी येईना. बातमी बाजाराला कळली होती. बॉयलरपाशी पोचली होती का? त्यांनी गेटचे गज धरले. वीस मिनिटांनी एकेक माणूस बाहेर येऊ लागला. त्यांनी मोजले. चौदा झाले, आणि लेक नव्हती. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजले.

ती सगळ्यांत शेवटी आली. घामाने चिंब झालेली.

“दाब पूर्ण उतरवूनच आले,” ती म्हणाली. “किती गेले, बाबा?”

“जाऊ देत. आत कुणी राहिलं नाही ना?”

“कुणी नाही.”

तिने हातमोजे काढले. तळव्यांवर गरम व्हॉल्व्हने भाजल्याचे डाग होते, काही ताजे, काही महिनाभरापूर्वीचे. याच हातांनी ती रोज त्यांच्यासमोर बसून जेवत होती.