पिठाला लागतो, राखेला नाही

तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, लागणारा रोग पिठाला लागतो, राखेला लागत नाही. हा शोध वैद्यकशास्त्राचा नव्हे. डोंगरकडा गावच्या एका सासूबाईंचा आहे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी हिंगोलीत माझा त्वचारोगाचा दवाखाना होता. समोर सासूबाई, त्यांचा मुलगा आणि नवी सून. सुनेच्या पायाशी कपड्यांची पिशवी. मी "लागतो" म्हणालो, की तिला तिथूनच माहेरच्या एसटीत बसवायचं ठरलं होतं. परत आणायचं नाही, हेही ठरलं होतं.

सुनेनं पदराखालून हात काढले. बोटं भेगाळलेली, मनगटाशी पाणी सुटलेलं, नखांत रक्त.

"भाकरी थापू देत न्हाई आमी तिला," सासूबाई म्हणाल्या. "पिठात उतरंल ना. ताट वेगळं केलं. झोपनं गोठ्यात."

"आणि भांडी?"

"ती घासते की राखेनं. धुनं बी तिच्याकडंच. तेवढं तर कराया पाहिजे."

मी सुनेला बाही वर करायला सांगितली. कोपराच्या वळीत कातडी जाड, काळवंडलेली.

"हे कधीपासून?"

"लहान होते तवापासून. थंडीत लई तकलीफ होते. भावाला दमा हाय."

निदान झालं. ॲटोपिक एक्झिमा. म्हणजे जन्मतःच कोरडी, कच्ची कातडी. तिच्यात ओल टिकत नाही. साबण, राख आत शिरते, खाज सुटते, खाजवलं की ती आणखी फाटते. मी मुद्दाम तिचे दोन्ही हात हातात घेतले, हातमोजे न घालता. मुलगा खुर्चीसकट मागं सरकला.

"हा कुणालाच लागत नाही," मी म्हणालो. "मलम थोडेच दिवस, मी सांगेन तेवढे. अंघोळ झाली की अंग ओलसर असतानाच खोबरेल लावा. साबण कमी. राख आणि धुण्याची पावडर बंद."

"मग भांडी कोन घासंल?"

मी मुलाकडं पाहिलं. तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

पिशवी माहेरी गेली नाही, एवढं खरं. पण ते हात पूर्ण बरे झालेले मी कधी पाहिले नाहीत. पुढं ती जेव्हा जेव्हा आली, तेव्हा नखांत राख होतीच. मलम लिहून देता येतं. मोरीवर कोण बसणार, ते लिहून देता येत नाही.

त्या पहिल्या दिवशी उठता उठता सासूबाईंनी स्वतःचे हात माझ्या टेबलावर ठेवले. बोटं वाकडी, तळवे खरबरीत. सुनेकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि बोलून गेल्या,

"माझं लगीन झाल्यापासून ही येईस्तवर मीच राखेनं घासून राहिले. मला काहून लागंना ओ ह्यो रोग?"