धारूरच्या वाटेवर नाकारलेलं पाणी

भर मे महिन्यात, दुष्काळात, बीडला फिरायला? घरच्यांनी मला वेड्यात काढलं. पण हट्ट हारुकाचा होता. ती जपानची, पुण्यात माझ्याकडे मराठी शिकते. लिहिते सुरेख, पण समोर माणूस आलं की तिची दातखीळ बसते, आणि तिचा चेहरा बघून पुण्यातला रिक्षावालासुद्धा इंग्रजीवर घसरतो. "कोणी इंग्रजी बोलणार नाही तिथे ने. तिथेही जमलं नाही तर मराठी सोडते, परत जाते," ती म्हणाली. हेही इंग्रजीतच!

मी मास्तरीणबाई, त्यामुळे निघण्याआधी नियम घालून दिले. मी दुभाषी होणार नाही. आणि तिकडे बायका टँकरची वाट बघत बसतात, तेव्हा कोणाच्या घरचं पाणी प्यायचं नाही. दिलं तरी "नको" म्हणायचं. बाटल्या आपल्या आपण न्यायच्या.

नगर, जामखेड करत मांजरसुंब्याला उतरलो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्च म्हणावा असा नाहीच. ढाब्यावर ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मागा, पण जपून. हारुकाच्या डोळ्यांना धारा लागल्या. पुढे केजवरून धारूरची गाडी. ही मुलगी मराठी शिकतेय हे कळल्यावर कंडक्टरने तिकिटं बाजूला ठेवून शिकवणीच घेतली.

"म्हण, लई ऊन हाय."

"खूप ऊन आहे," हारुका पुटपुटली.

"तसं न्हाई! लई!"

सगळी गाडी तिच्याकडून घोकून घेत होती. मी शिकवलेलं मराठी केजच्या पुढे चालत नाही, हे मला जरा झोंबलंच. उतरताना कंडक्टर म्हणाला, "बोलायचंच आसंल तर दूध डेअरीच्या कमलताईकडं जावा. मी फोन लावतो."

धारूरचा किल्ला सकाळीच बघा, नंतर दगड तापतात. पायथ्याशी एक धनगर मामा शेळ्या घेऊन बसले होते. त्यांनी पाणी पुढे केलं, आम्ही "नको" म्हटलं. ते हसले, "मग ताक घ्या," आणि घ्यावंच लागलं. माझा नियम व्यवस्थित चालला होता.

कमलताईंचं गाव घाट उतरून, तेलगावकडे जाताना लागतं. तिथल्या बायकांची दूध संस्था त्या चालवतात. चारा संपल्यावर ज्यांची जनावरं छावणीत गेली, त्यांचंही दूध संस्था तिथून उचलते, असं त्या अभिमानाने सांगत होत्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. मी माझं नाव सांगितलं, आडनावासकट. आडनाव पुण्याचं, ऐकताच ओळखू येणारं. ताईंनी तांब्या-पेला आणला.

"नको," मी म्हटलं. हारुकाही शहाण्या विद्यार्थिनीसारखी "नको" म्हणाली. मग आम्ही दोघींनी आपापल्या बाटल्या काढल्या आणि प्यायलो.

ताई थांबल्या. "पाणी चांगलं हाय. गाळून, उकळून ठेवलंय."

"नाही हो, तसं काही नाही."

त्या तांब्या घेऊन आत गेल्या. परत आल्या तेव्हा गप्पा आटल्या होत्या. विचारलं तेवढ्याचं उत्तर, पुढे काही नाही. मला काही कळेना. धनगर मामा तर हसले होते! कंडक्टरने भलतं काही सांगितलं का? आम्ही उगाच वेळ खाल्ला का? मी छावणीबद्दल आणखी काहीबाही विचारत राहिले.

हारुका मात्र त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. अचानक म्हणाली, "ताई, मी चुकले?"

"तू न्हाई, बाई."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तेव्हा कुठे मला उमगलं. माझ्या आडनावाच्या बाईने या घरात पाणी नाकारलं होतं आणि वर स्वतःची बाटली काढली होती. जन्मभर मराठी बोलणारी मी, एक धड वाक्य सुचेना. जे सुचे ते सारवासारव वाटे.

बोलली ती हारुका. अडखळत, कपाळावर घाम. "ताई, पाणी कमी. लई कमी. तुमचं पाणी, तुम्हाला. म्हणून आम्ही नको."

"आसं व्हय?" ताईंनी मला विचारलं. मी मान हलवली.

"मग तोंड हाय न्हवं? आमी काय समजायचं?"

तांब्या पुन्हा बाहेर आला. त्यांनी पेला काठोकाठ भरून माझ्या हातात दिला आणि मी संपवेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. त्यांना पटलं होतं की नाही, मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. नंतर हारुकाला त्यांनी धार काढायला बसवलं, संध्याकाळपर्यंत बोलतं ठेवलं, मुक्कामाचाही आग्रह केला. आम्ही तेलगावहून बीडची गाडी धरली. हारुका वाटेत माझ्याशी मराठीतच बोलत होती.

तुम्ही जाणार असाल तर माझा तो नियम विसरा. बाकी काय सांगू, माझाच गोंधळ मिटलेला नाही. हारुका परत गेली नाही. ती आणि ताई फोनवर तासन्‌तास बोलतात. परवा तिने फोन माझ्याकडे दिला.

"संस्थेच्या कामाला पुण्याला यायलेय," ताई म्हणाल्या. "तुमच्या घरी येऊ का, पाणी प्यायला?"

चेष्टा होती की परीक्षा, कोण जाणे. "जेवायलाच या," मी म्हटलं. पण त्याआधी सासूबाईंचं सोवळ्यातलं स्वयंपाकघर माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मी क्षणभर थांबले. ते थांबणं ताईंना ऐकू गेलं असणार.