कपाटामागे बघायचं राहिलं

माझ्या भावाला कामावर सगळे थांबाराव म्हणतात. कुणी धापा टाकत आलं, "अहो, मशीन अडकलंय, लवकर चला," की हा आधी म्हणणार, "थांबा." मग चष्मा पुसणार. मग उठणार. शाळेत जाताना याला बुटाची नाडी बांधायला इतका वेळ लागायचा, की मी दारात उभी राहून शंख करायची. मी थोरली, आणि माझं सगळं उलटं. पायाला भिंगरी आणि जिभेला हाड नाही.

तो काम करतो तिथे अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. जाड दाराची एक खोली, आत माइक, भिंतींना करडा फोम, आणि काचेच्या अलीकडे याची मशीनं. लोक येतात, वाचतात, जातात. त्यांचा आवाज योग्य जागी ठेवायचा आणि जपायचा, हे याचं काम. अठरा वर्षांत यानं कुणाचं एक पानही हरवलं नव्हतं.

"तू दिवसभर करतोस तरी काय रे?" मी एकदा विचारलं, तेव्हा त्यानं मला माझ्याच स्वयंपाकघरात समजावलं. "ताई, हा भिंतीतला कप्पा बघ. रिकामा आहे. याला मी नाव दिलं 'आवाज'. आता याच्यापुढे मोठं कपाट आणून लावलं. इथून पुढे 'आवाज'मध्ये ठेवलेलं सगळं कपाटात जाणार. कपाट म्हणजे डिस्क. तिला जागेवर लावणं म्हणजे माउंट करणं."

"आणि कपाट आलंच नाही तर?"

"तर भिंतीतल्या कप्प्यात जातं. मग मागाहून कपाट लावलं, की मागचं झाकलं जातं. असतं तिथेच, पण दिसत नाही."

त्याच्या टेबलामागच्या भिंतीला एक कागदच चिकटवलेला होता: 'पुसण्याआधी कपाटामागे बघितलं का?' नवीन माणसं बिचारी खोलीभर कपाट शोधायची.

मशीन सुरू होताना कुठलं काम आधी, कुठलं नंतर, हे बघणारा एक मुकादम आत असतो म्हणे. त्याला दर डिस्कमागे एक चिठ्ठी लिहून द्यायची. काय लावायचं, कुठे लावायचं, कसं लावायचं. चिठ्ठीचं नाव आणि जागेचं नाव तंतोतंत जुळायला हवं, नाहीतर मुकादम ती हातातच घेत नाही. डिस्क दिसली नाही तर तो दीड मिनिट वाट बघतो, आणि तरी नाही आली तर सगळं मशीनच अडवून ठेवतो. तसं व्हायला नको असेल तर चिठ्ठीत एक शब्द टाकायचा, 'नोफेल'. म्हणजे डिस्क नसली तर नसू दे बाबा, तिच्यावाचून पुढे चल.

आता माझ्या भावजयीचं सांगते. तिला मी रेडिओ म्हणायची. दूध तापायला ठेवलं की दुधाशी बोलायची, कुकरशी भांडायची. मी जेवायला गेले की दहाव्या मिनिटाला म्हणायची, "अगं, रेडिओ बंद कर गं जरा!" ती हसायची आणि आवाज आणखी वाढवायची. आणि नेमकी तिच्याच घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, तीन आठवड्यांनी ऑपरेशन. मग आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. आधी तिच्या आवाजात पुष्कळ वाक्यं रेकॉर्ड करून ठेवली, तर पुढे ती फोनवर लिहील ते फोन तिच्याच आवाजात बोलून दाखवेल.

"खोली माझ्याकडेच आहे," भाऊ म्हणाला. एवढ्या मोठ्या संकटात त्याच्या तोंडावर मी पहिल्यांदा थोडं बळ पाहिलं.

त्यासाठी आणि नव्या पुस्तकांसाठी त्यानं नवी कोरी डिस्क घेतली. चिठ्ठी लिहिली. डिस्क बसते ती पेटी नवी आहे, कधी कुरकुरली तर वाचणाऱ्यांचा खोळंबा नको, म्हणून नोफेल टाकलं. शनिवारी तपासलं, सगळं ठीक. सोमवारी सकाळी डिस्कच्या पेटीचा खटका मशीनपेक्षा दोन मिनिटं उशिरा दाबला गेला. मुकादमानं पाहिलं, डिस्क नाही. नोफेल लिहिलंय. गेला पुढे. पेटीवरचा हिरवा दिवा नंतर लागला आणि तीन आठवडे, मशीन मध्ये एकदाही बंद न होता, लागलेलाच राहिला. कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं.

रोज दुपारच्या सुट्टीत ती जाड दाराआड बसायची. चौदाशे वाक्यं. मी काचेबाहेर डबा घेऊन बसलेली असायची. छापील वाक्यं संपली की ती आपली पदरची घालायची. "अहो, ऐकलंत का?" "मी सांगितलं नव्हतं?" "ताई, आता तुम्ही गप्प बसा!" हे शेवटचं म्हणताना तिनं काचेतून मला डोळा मारला. घसा दुखत होता तिचा, अधूनमधून कोमट पाणी प्यायची, पण एक दिवस चुकवला नाही.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पूर्ण शुद्धीवर आली, हाक मारायला तोंड उघडलं आणि काहीच निघालं नाही. आधी माहीत असणं वेगळं आणि ते अंगावर येणं वेगळं. ती नळ्या ओढायला लागली. दोन नर्सनी हात धरले. मी भावाला फोन लावला.

त्याच सकाळी मशीन ठप्प झालं म्हणून त्याला तिकडे बोलावून नेलेलं. मशीनची स्वतःची छोटी डिस्क, म्हणजे कप्प्याची ती भिंत, गच्च भरलेली. यानं ते बंद करून चालू केलं, या खेपेला पेटी आधीपासून चालू होती, त्यामुळे कपाट बरोबर जागेवर लागलं. पण छोटी डिस्क कशानं भरली ते काही दिसेना.

"थांब ताई," तो म्हणाला, "एवढं बघून येतो. कुठेतरी काहीतरी झाकलं गेलंय."

शब्द न् शब्द आठवतो मला. आणि मी काय ओरडले तेही. "खड्ड्यात गेलं तुझं मशीन! बायको इथे तडफडतेय आणि तू कप्पे तपासत बसलायस? पूस ते सगळं आणि नीघ!"

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझं लगेच ऐकलं. आवाज मोठ्या डिस्कवर आहेत, छोटी पुसली तर काय बिघडतंय, असा त्याचा विचार. छोटी डिस्क पुसून सगळं नव्यानं बसवायचं काम लावून दिलं आणि धावत आला. एका बुटाची नाडी सुटलेली होती.

दहा दिवसांनी तिचा फोन तयार करायला त्यानं नवी डिस्क उघडली. रिकामी. मग कपाट सरकवून मागे बघितलं. तिथे स्वच्छ. तीन आठवडे सगळे आवाज त्या भिंतीतल्या कप्प्यात जात होते, आणि तो कप्पा त्यानं स्वतःच्या हातानं पुसला होता. नक्कल रोज व्हायची, पण ती मोठ्या डिस्कची. जाणकारांना दाखवलं. ही छोटी डिस्क नव्या जातीची, पुसलं की पुसलं, म्हणाले.

वाचणारे परत आले, तीन आठवड्यांची पानं पुन्हा वाचून गेले. पुस्तकं परत वाचता येतात.

घरातले जुने व्हिडिओ धुंडाळले. त्यांत तिच्या आवाजावर पंखा, कुकर आणि बहुतेक वेळा मी. त्यावर भागेना. लग्नाच्या व्हिडिओत ती लाजून गप्प बसलीय. जन्मात तेवढी एकदाच.

त्यानं तिला सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. आता लिहून बोलायला तिच्याजवळ पाटी असायची, ती तिनं पुढे ओढली. मग लिहिलं, 'तुम्ही तर सगळं बघून करता. मग घाई का केलीत?'

भावानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "अशीच," तो म्हणाला. "माझीच मती गेली."

आणि जिभेला हाड नसलेली मी, मी गप्प बसले. आजतागायत गप्प आहे. तिनं सांगितलंच होतं म्हणा, ताई, आता तुम्ही गप्प बसा.

चिठ्ठीतून त्यानं नोफेल काढून टाकलंय. आता डिस्क दिसली नाही तर मशीन उठत नाही, वाचणारे कुरकुरत खुर्च्यांवर बसून राहतात. "थांबू दे," म्हणतो.

तिच्या फोनमध्ये शेवटी एक तयार आवाज घातला. कुणा परक्या बाईचा, गोड, स्पष्ट. परवा मी त्यांच्याकडे गेले होते. ती ओट्यापाशी होती, तो खिडकीत पाठमोरा पेपर वाचत होता. तिनं फोनवर लिहिलं, आणि ती परकी बाई म्हणाली, "अहो, ऐकलंत का?"

त्यानं पान उलटलं.

तिनं पुन्हा बटण दाबलं. "अहो, ऐकलंत का?"

मला राहवेना. "अरे," मी म्हटलं, "तुला हाक मारतेय."

तो मान वर न करता म्हणाला, "कोण?"