जमिनीखालची क्रेन

पालमच्या विमानतळावर मी वैमानिकांसाठी सूचना लिहायला शिकत होते, तेव्हा गुडगावात पहिल्या उंच इमारती उभ्या राहू लागल्या होत्या. इमारत म्हटली की क्रेन, आणि क्रेन म्हटली की आमच्या खोलीत बिल्डरचं पत्र: कुठे, किती उंच, किती महिने. रडार विमानं दाखवतं; अशा क्रेनची खबर कागदावरूनच द्यावी लागते. पत्रावरून आम्ही दोन-तीन ओळींची सूचना करायचो आणि ती टेलिप्रिंटरवरून पाठवायचो.

सहा महिने माझ्या सूचनांवर दुसऱ्याची सही होत असे. त्या दिवशी पहिल्यांदा माझी होणार होती. चुकले, तर आणखी तीन महिने शिकाऊ. पण मला इतकी खात्री, की ऑफिसला येतानाच वडिलांना पत्र टाकलं: ‘आजपासून माझ्या सहीने सूचना जाते.’ वडील आमच्या खाडीत होडी चालवत. शिक्षण चौथीपर्यंत. मी पदवीधर झाले त्या दिवशी त्यांनी सगळ्या उतारूंना फुकट पलीकडे नेलं होतं.

आमच्याकडे एक रीत होती. पाठवण्याआधी सूचना दुसऱ्याने मोठ्याने वाचायची, एकेक आकडा सुटा, आणि लिहिणाऱ्याने मूळ पत्रावर बोट ठेवून ऐकायचं. माझी वाचायला साहेब बसले. करोल बागेचे, निवृत्तीला आलेले.

“टू, फाइव्ह, झीरो...” साहेब थांबले. चष्मा काढला. “बेटा, ढाई सौ फुट कहाँ से?”

“समंदर से, सर.”

“और हम कहाँ बैठे हैं? समंदर में?”

माझ्या लक्षात आलं. बिल्डर जमिनीपासूनची उंची कळवतो. आम्ही समुद्रसपाटीपासूनची लिहायची असते. इथली जमीनच समुद्रापासून साडेसातशे फूट वर. मी बिल्डरचा आकडा जसाच्या तसा उतरवला होता. माझ्या हिशेबाने क्रेनचा शेंडा जमिनीखाली पाचशे फुटांवर होता!

फरीदाबादहून येणारा सहकारी ओरडला, “सर, ये क्रेन थोड़ी है, बोरवेल है!”

सगळे हसले. मला मात्र टपालपेटीतलं पत्र दिसत होतं.

“सर, हमारे गाँव में ज़मीन और समंदर एक ही हैं,” मी कसंबसं म्हणाले. खरंच होतं ते. भरतीला पाणी आमच्या ओटीच्या दोन पायऱ्या खाली येऊन थांबतं.

साहेब डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी कोरा कागद पुढे केला. “ज़ोर से पढ़ते किसलिए हैं? यहाँ पकड़ी गई तो गलती नहीं. बाहर गई, तो गलती. चलो, दुबारा लिखो.”

मी बिल्डरच्या इंजिनिअरला फोन करून त्याच्या जागेची उंची विचारली, बेरीज केली, नवी सूचना लिहिली. साहेबांनी पुन्हा आकडा न् आकडा वाचला आणि कागद माझ्याकडे सरकवला. सहीच्या जागी बोट ठेवून म्हणाले, “यहाँ, समंदर.” निवृत्त होईपर्यंत ते मला याच नावाने हाक मारत, आणि मी आनंदाने ओ देई.

त्या रविवारी मी बसने गुडगावला गेले. मोहरीच्या शेताच्या बांधावर भाजलेल्या शेंगा खात बराच वेळ मान वर करून बसले. क्रेन जमिनीच्या वरच होती.